लिनक्स इमेज निवडताना नाव नंतर बघा, शेवटची तारीख आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात तुम्ही काम करता. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या (एडब्ल्यूएस) मुंबई रीजनमध्ये तुमचे २६ सर्व्हर आहेत. त्यांतले ११ सेंटओएस ७ वर, ६ उबंटू २०.०४ वर, ५ ॲमेझॉन लिनक्स २ वर, आणि उरलेले ४ क्लाउडच्या मार्केटप्लेसवरून घेतलेल्या तयार ‘हार्डन्ड’, म्हणजे सुरक्षेसाठी घट्ट केलेल्या, इमेजवर. (इमेज म्हणजे नवा सर्व्हर जिच्यावरून उभा होतो ती ऑपरेटिंग सिस्टीमची तयार प्रत.) ऑडिटरने शेरा मारलाय. संचालक मंडळाचं म्हणणं, फुकटातलं एक लिनक्स ठरवा आणि सगळीकडे तेच टाका. कुठलं घ्यावं, पैसे भरावेत का, आणि एकदा ठरवल्यावर सांभाळायचं कसं, हे तुम्हाला हवंय.

माझी सुरुवात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सर्व्हर खोलीत झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आणि सर्व्हरपर्यंत माणूसच पोचू शकत नाही म्हणजे काय ते या भागातल्या बऱ्याच कारखानदारांना तेव्हा कळलं. क्लाउडवर जायची घाई त्यानंतर वाढली. त्या घाईत ज्याला जी इमेज दिसली ती उचलून त्यानं सर्व्हर उभा केला. तुमच्याकडचे चार प्रकार तसेच जमा झाले असणार. त्यात तुमच्या एकट्याचा दोष नाही, पण आता आवरायला मात्र तुम्हालाच लागणार.

‘कुठलं लिनक्स’ हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न असा, की याला सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, कुठल्या तारखेपर्यंत मिळणार आणि ते देणार कोण?

पावसाळ्यात आपण रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. नदीकाठची माणसं ३९ जवळ आले की सामान हलवायला लागतात, ४३ ची वाट बघत बसत नाहीत. प्रत्येक इमेजला अशाच दोन तारखा लावा. धोक्याची तारीख म्हणजे पॅच बंद होतात तो दिवस. इशाऱ्याची तारीख त्याच्या दोन वर्षं आधी. दोन वर्षं जास्त वाटतील, पण तुमच्या धंद्याचा विचार करा. गाळप चालू असताना तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीम बदलणार नाही, बदलूही नये. हंगाम संपल्यापासून पुढच्या बॉयलर प्रदीपनापर्यंत जे महिने मिळतात, तेवढेच तुमचे. मिलचं ओव्हरहॉलिंग होतं त्याच काळात सर्व्हरचंही व्हायला हवं. इशारा दोन वर्षं आधी असला की असे दोन मोकळे काळ हातात राहतात आणि एक हुकला तरी दुसरा उरतो.

आता तुमची यादी या तारखांवर ठेवून बघू. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर त्याच्या मिररची, म्हणजे अपडेट पुरवणाऱ्या सर्व्हरांची, यादी देणारा पत्ताच बंद पडला, म्हणून ‘यम अपडेट’ ही अपडेटची आज्ञा चुका दाखवते. पुष्कळ जण रिपॉझिटरीचा, म्हणजे पॅकेजं येतात त्या साठ्याचा, पत्ता बदलून व्हॉल्टवर नेतात, मग ‘अपडेट नाहीत’ असं उत्तर येतं आणि हायसं वाटतं. कृपया तसं वाटून घेऊ नका. व्हॉल्ट हे जुन्या पॅकेजांचं गोदाम आहे, तिथे नवा पॅच कधीच येणार नाही. उबंटू २०.०४ चा नेहमीचा मोफत आधार मे २०२५ मध्ये थांबला. उबंटू प्रोचं सबस्क्रिप्शन घेतलं तर तो मूळ प्रकाशनापासून दहा वर्षं, म्हणजे २०३० पर्यंत, लांबतो. ॲमेझॉन लिनक्स २ ची तारीख आहे ३० जून २०२६. म्हणजे तुमच्या २६ पैकी २२ सर्व्हर एकतर पाण्यात आहेत किंवा पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागलेलं आहे. राहिलेल्या चारांचं काय ते खाली सांगतो, तेही बरं नाही.

तारीख देणारा कोण, हे का बघायचं? सेंटओएस, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या सशुल्क लिनक्सची मोफत नक्कल, याची ८ वी आवृत्ती आठवा. ते २०२९ पर्यंत चालेल असं गृहीत धरून लोकांनी सर्व्हर उभे केले. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं, की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. आठ वर्षांचं नियोजन एका वर्षावर आलं. त्या पोकळीतून २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभी राहिली. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला सोर्स कोड सर्वांसाठी फक्त सेंटओएस स्ट्रीम या, पुढच्या आवृत्तीची तयारी चालते त्या लिनक्सपुरता ठेवला. तेव्हा अल्माने धोरण बदललं: हुबेहूब नक्कल करण्याऐवजी रेड हॅटवर चालणारं सॉफ्टवेअर आपल्यावरही तसंच चालेल एवढी हमी. रॉकीने हुबेहूब नकलेचाच आग्रह ठेवला. दोन्ही प्रकल्प त्यानंतरही नियमित पॅच देत राहिले, आणि माझ्या मते तुमच्यासारख्या कामाला दोन्ही चालतात. दोन्हींच्या ९ व्या आवृत्तीला मे २०३२ पर्यंत सुरक्षा पॅच आहेत.

मग निवड. सर्व्हर दोन ढिगांत वाटा. पहिल्या ढिगात असे, की ज्यांच्यावरच्या सॉफ्टवेअरची कंपनीच ठरवते कुठलं लिनक्स चालेल. ओरॅकल डेटाबेस उबंटूवर, डेबियनवर प्रमाणित नाही. तो ओरॅकल लिनक्स, रेड हॅट, सुसे यांवर आहे. सॅप हाना हा डेटाबेस तर रेड हॅट आणि सुसे या दोनच घरांत राहतो. असं काही तुमच्याकडे असेल तर तिथे मंडळाचं ‘सगळीकडे एकच’ हे म्हणणं बाजूला ठेवा आणि डेटाबेसवाल्याची यादी बघून इमेज घ्या. ओरॅकल लिनक्स वापरायला मोफत आहे, पैसे फक्त सपोर्टचे.

दुसऱ्या ढिगात बाकी सगळं: जावा, पीएचपी, पोस्टग्रेस, वेब सर्व्हर, एसएमएस गेटवे. इथे मी तुम्हाला अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी ९ यांपैकी एक घ्या असं सांगेन. कारण साधं आहे. तुमचे ११ सर्व्हर सेंटओएसचे आहेत, म्हणजे तुमच्या माणसांच्या हाताला तीच सवय आहे: तीच पॅकेजं, तेच एसई-लिनक्स (प्रोग्रामला ठरलेल्या मर्यादेत ठेवणारी सुरक्षा), त्याच जागी कॉन्फिगरेशन. तुमचे सहा उबंटू सर्व्हर सांभाळणारा माणूस तुमच्याकडे पक्का असेल आणि तो राहणार असेल, तर उबंटू २४.०४ हीदेखील चांगली निवड आहे, तिला २०२९ पर्यंत मोफत आधार आहे. पण दोन घराणी ठेवायची तर दुप्पट काम करायची तयारी ठेवा. प्रत्येक पॅच, प्रत्येक चाचणी, प्रत्येक रात्रीचा फोन दोनदा.

१० वी आवृत्ती आली असताना ९ का? रेड हॅट १० ला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा, म्हणजे त्यातल्या त्यात नवा, प्रोसेसर लागतो. जुन्या प्रकारच्या इन्स्टन्सवर, म्हणजे क्लाउडवरच्या सर्व्हरवर, ते सुरूच होणार नाही. अल्मा जुन्या व्ही२ पातळीसाठी वेगळी आवृत्ती देते, पण बाहेरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर प्रमाणित व्हायला वेळ लागतो. मे २०३२ पुरेसा दूर आहे. त्या हिशोबाने इशाऱ्याची तारीख मे २०३० पडते, तोवर १० वरची सगळी धूळ बसलेली असेल.

पैशांबद्दल मंडळाला काय सांगायचं? मोफत लिनक्समध्ये पॅच मोफत मिळतो. रात्री दोनला फोन उचलणारा माणूस मिळत नाही. उसाचं पैसं चौदा दिवसांत सभासदाच्या खात्यावर जायला हवं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातलं बंधन आहे. भर हंगामात ज्या सर्व्हरवर ते बिल अडेल, त्या दोन-तीन सर्व्हरांना सबस्क्रिप्शन घ्या, उरलेले तेवीस-चोवीस मोफत ठेवा. रेड हॅटची इमेज क्लाउडवरूनच घेतली तर सबस्क्रिप्शनचे पैसे तासाप्रमाणे सर्व्हरच्या बिलातच येतात, वर्षाचा वेगळा करार लागत नाही. मंडळापुढे ठेवायला हे सोपं जातं.

आता ते मार्केटप्लेसवरचे चार. तिथल्या इमेजवर बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीचा तासाप्रमाणे आकार (शुल्क) असतो, मूळ लिनक्स मोफत असलं तरी. आणि तो आकार इमेजला चिकटलेल्या प्रॉडक्ट कोडमुळे लागतो. तुम्ही त्या सर्व्हरवरून स्वतःची इमेज केली तरी कोड तिच्यातही उतरतो. म्हणून हे चार सर्व्हर सुधारत बसू नका, नव्या इमेजवर नव्याने उभे करा. मी अशा इमेजमध्ये प्रकाशकाने विसरलेले युझर बघितलेत, त्यामुळे हार्डन्ड या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. हार्डनिंग स्वतः करा. सीआयएस या संस्थेचे हार्डनिंगचे निकष खुले आहेत, ओपनस्कॅप हे साधन तपासून अहवाल देतं, आणि तोच अहवाल ऑडिटरला दाखवता येतो.

मूळ इमेज नेहमी प्रकल्पाच्या अधिकृत खात्यातूनच घ्या, आणि स्क्रिप्टमध्ये त्या खात्याचा बारा आकडी क्रमांक लिहा. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचा एडब्ल्यूएसवरचा क्रमांक ०९९७२०१०९४७७ आहे, अल्मा आणि रॉकी आपले क्रमांक स्वतःच्या संकेतस्थळावर देतात. नुसतं नावाने शोधून ‘सगळ्यात ताजी’ उचलणारी स्क्रिप्ट धोक्याची आहे, कारण तसंच नाव देऊन कोणीही सार्वजनिक इमेज टाकू शकतो आणि तुमची स्क्रिप्ट ती मुकाट्याने घेईल. असे प्रकार प्रत्यक्षात सिद्ध करून दाखवलेले आहेत.

इथून पुढे सांभाळण्याचा भाग, आणि खरं काम इथेच आहे.

फाउंड्रीत पॅटर्न असतो. त्याच्यावरून साचा, साच्यात ओतकाम. पॅटर्नवर एक ओरखडा असला तर हजार कास्टिंगवर तो उमटतो, आणि कोणी शहाणा माणूस हजार कास्टिंग कानस घेऊन घासत बसत नाही. पॅटर्न दुरुस्त करतो. इमेज म्हणजे तुमचा पॅटर्न. सर्व्हरवर लॉगिन करून हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कास्टिंग घासणं. ती पुढच्या सर्व्हरमध्ये येत नाही आणि सहा महिन्यांनी ती कोणी केली होती हेही आठवत नाही.

म्हणून इमेज चालत्या सर्व्हरवरून कधीही करू नका. हे मी अनुभवाने सांगतो. एका साखर कारखान्यात चाचणीसाठी म्हणून चालू सर्व्हरचीच इमेज घेऊन दुसरा सर्व्हर उभा केला गेला. काम मी बघत होतो. आतल्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, सभासदांना बिल जमा झाल्याचे मेसेज पाठवायचा जॉब होता. रात्री दोन्ही सर्व्हर जागे झाले आणि हजारो शेतकऱ्यांना तोच मेसेज दोनदा गेला. सकाळी गट ऑफिसांपुढे रांगा. पैसे दोनदा आले म्हणून कोणी खूश, तर दुसरा हप्ता खात्यावर दिसत नाही म्हणून कोणी चिडलेला. त्या माणसांना समजावताना मला जी शरम वाटली ती अजून आठवते. त्यानंतर मी इमेज नेहमी कोऱ्या अधिकृत इमेजवरून, लिहिलेल्या कृतीने करतो. पॅकर हे साधन त्यासाठी उत्तम आहे, आतलं काम अँसिबल या, सेटिंग आपोआप लावणाऱ्या साधनाने करा. एडब्ल्यूएसचं स्वतःचं इमेज बिल्डरही आहे. कुठलंही घ्या, पण कृती गिटमध्ये हवी, म्हणजे कोणी काय कधी बदललं ते दिसतं.

इमेजच्या आत काय घालायचं आणि काय नाही, यावर वाद होतात. माझा नियम असा, की जे सगळ्या २६ सर्व्हरांवर सारखंच आहे ते आत, जे एकाचंच आहे ते बाहेर. मॉनिटरिंगचा एजंट, लॉग पाठवणारा एजंट, वेळेची सेटिंग, हार्डनिंग आत. पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता, सर्टिफिकेटची खासगी की, युझरच्या चाव्या कधीच आत नाहीत. त्या सर्व्हर उठताना क्लाउड-इनिट या प्रोग्रामने किंवा सीक्रेट ठेवण्याच्या सेवेतून येऊ द्या. इमेज कोणाबरोबर शेअर झाली तर तिच्यातला पासवर्डही शेअर झाला.

वेळेबद्दल थोडं सविस्तर. अधिकृत क्लाउड इमेज बहुतेक यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळेवर असतात. पहाटे तीनला वजनकाट्यावर आलेली ट्रॉली यूटीसीमध्ये आदल्या रात्री साडेनऊला आलेली असते. सॉफ्टवेअर नवं असेल तर ते फरक सांभाळतं, पण आपल्याकडच्या जुन्या ऊस बिलाच्या प्रणाली सर्व्हरची तारीख जशीच्या तशी उचलतात, आणि पावतीवर आदला दिवस छापला जातो. तुमच्या बाबतीत आशिया-कोलकाता ही वेळ इमेजमध्येच पक्की करा, प्रत्येक सर्व्हरवर वेगळी नको. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळ एनआयसी (सरकारी माहितीतंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी जुळलेलं हवं, लॉग १८० दिवस भारतात ठेवलेले हवेत, आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीचं कॉन्फिगरेशन आणि लॉग बाहेर पाठवायची सोय इमेजमध्येच असली, की नव्या सर्व्हरला हे आठवणीने करावं लागत नाही.

मराठीसाठीची दोन कामं बाहेरच्या कुठल्याच मार्गदर्शिकेत सापडणार नाहीत. एक, मिनिमल इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो. ऊस बिलाची पीडीएफ सर्व्हरवर तयार होत असेल तर सभासदाच्या नावाच्या जागी चौकोन छापले जातात. लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट कृतीत घाला. दोन, मराठी लोकॅलचं, म्हणजे भाषेच्या सेटिंगचं, भाषा-पॅकेजही मिनिमल इमेजमध्ये नसतं. डेटाबेस मराठी लोकॅलवर तयार झालेला असेल तर ते पॅकेज नसलेल्या सर्व्हरवर तो चालणार नाही.

आणि याच्याही पुढचं एक, जे सेंटओएस ७ वरून उठताना तुम्हाला नक्की भेटेल. सी लायब्ररीच्या, म्हणजे ग्लिबसीच्या, २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, ८ पासून पुढे २.२८ किंवा नंतरची. पोस्टग्रेसची डेटा डिस्क जुन्या सर्व्हरवरून काढून नव्याला जोडली तर डेटाबेस सुरू होतो, एकही चूक दाखवत नाही, पण मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स, म्हणजे शोधासाठीच्या सूच्या, जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने चाललेला. एका दूध संस्थेत मी हे बघितलं. नावाने शोधलं की सभासद सापडत नाही, नव्याने नोंदवला की दुसऱ्यांदा नोंद होते, कारण यूनिक इंडेक्सलाही पहिला दिसत नाही. पंधरा दिवसांनी कळलं, तोवर दुबार नोंदी झालेल्या. उपाय सोपा आहे, फक्त आधी करायला हवा: डिस्क हलवण्याऐवजी डंप, म्हणजे सगळा डेटा फाइलमध्ये, काढून नव्या सर्व्हरवर भरा, किंवा डिस्क जोडल्याबरोबर, कोणालाही आत सोडण्याआधी, मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा. रेप्लिका, म्हणजे डेटाबेसच्या जोडप्रती, याही जुन्या-नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर मिसळून ठेवू नका.

इमेज बंद करण्याआधीची झाडलोट कृतीच्या शेवटी असावी. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, तिच्या होस्ट की पुसा, नाहीतर सगळ्या सर्व्हरांची ओळख एकच राहते. मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, काढून टाकू नका. ती भरलेली राहिली तर लॉग जिथे एकत्र येतात तिथे दहा सर्व्हर एकच असल्यासारखे दिसतात, आणि कारखान्यातल्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवर दोघांना एकच आयपी मिळायची वेळ येऊ शकते. क्लाउड-इनिटची जुनी नोंद, शेलची हिस्टरी, बांधणीसाठी वापरलेली चावी, हे सगळं साफ. जास्तीच्या डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये, यूयूआयडीने (डिस्कच्या कायम ओळख क्रमांकाने) लिहा आणि ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी सुरू हो) घाला. नव्या पिढीच्या इन्स्टन्सवर डिस्कची एनव्हीएमई नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात, आणि एक डिस्क सापडली नाही म्हणून सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसतो.

नंतर चाचणी. नव्या इमेजवरून सर्व्हर उठवा आणि तुमच्या कामाच्या गोष्टी तपासा. बँकेला पेमेंटची फाइल एसएफटीपीने जाते का, ही पहिली चाचणी ठेवा. ९ व्या आवृत्तीत शा-१ या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्या मुळातच बंद आहेत, त्यामुळे पलीकडचा सर्व्हर जुना असेल तर जोडणी होत नाही. उबंटू २२.०४ पासून तिकडेही तोच अनुभव येतो. क्रिप्टो पॉलिसी सैल करून ती चालू करता येते, पण ती सैल पॉलिसी इमेजमध्ये घालू नका, त्या एका सर्व्हरपुरती ठेवा आणि बँकेच्या मागे लागा. एसई-लिनक्स ‘एन्फोर्सिंग’ वरच असताना चाचणी घ्या. ते बंद करून काम चालवणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, ती या निमित्ताने मोडा.

नाव देताना इमेजच्या नावातच आवृत्ती आणि बांधणीची तारीख घाला. महिन्यातून एकदा नवी बांधणी, आणि मोठा पॅच आला तर त्याच दिवशी. चालू, मागची आणि त्यामागची अशा तीन ठेवा, म्हणजे परत फिरायला जागा राहते. त्याहून जुन्या ‘डेप्रिकेट’, म्हणजे कालबाह्य जाहीर, करा, आणि कुठलाही लाँच टेम्प्लेट, म्हणजे नवा सर्व्हर उभा करायचा नमुना, त्या वापरत नाही याची खात्री झाली की काढा. काढताना लक्षात ठेवा, इमेज रद्द केली की तिच्यामागची स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची साठवलेली प्रत, आपोआप जातेच असं नाही, ती वेगळी सांगून काढावी लागते, नाहीतर बिल चालू राहतं. आपत्तीसाठी हैदराबाद रीजन वापरणार असाल तर इमेज तिथे आधीच कॉपी करून ठेवा. तिथे तिचा आयडी वेगळा असतो, स्क्रिप्टमध्ये मुंबईचाच आयडी लिहिलेला असेल तर पूर आलेल्या दिवशीच ते कळेल. इमेज एन्क्रिप्ट करताना स्वतःची की बनवा. एडब्ल्यूएसच्या आपोआप मिळणाऱ्या कीने एन्क्रिप्ट केलेली इमेज दुसऱ्या खात्याला देता येत नाही.

पॅचिंगमध्ये दोन गैरसमज वारंवार दिसतात. पहिला आवृत्तीच्या आकड्याचा. ऑडिटरचं स्कॅनर म्हणतं, ओपनएसएसएच ८.७ जुनं आहे, बदला. रेड हॅटच्या घराण्यात आवृत्ती तीच ठेवून दुरुस्ती मागे आणली जाते. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली मोठी त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ९ वर दुरुस्ती आली ती ८.७ याच आकड्याखाली, फक्त पॅकेजचा पुढचा क्रमांक बदलून. ऑडिटरला पॅकेजचा चेंजलॉग काढून द्या, त्यात सीव्हीई, म्हणजे त्रुटीचा जागतिक, क्रमांक असतो. बाहेरून नवी आवृत्ती कंपाइल करून बसवू नका, त्या दिवसापासून तिचे पॅच तुमच्या अंगावर. दुसरा गैरसमज ॲमेझॉन लिनक्स २०२३ चा, कारण तुमचे पाच सर्व्हर तिकडे न्यायचा मोह होईल. त्यात रिपॉझिटरी इमेजच्या आवृत्तीला बांधलेली असते. ‘डीएनएफ अपडेट’ दिलं की ‘काही नाही’ म्हणतं, आणि आपण समजतो सगळं ताजं आहे. पुढची आवृत्ती मुद्दाम सांगून घ्यावी लागते. पद्धत म्हणून ती चांगली आहे, पण माहीत नसेल तर वर्ष वर्ष पॅच न घेता सर्व्हर चालतो. शिवाय त्यावर एपेल हा जादा पॅकेजांचा साठा चालत नाही. माझं मत, तुमचे पाचही अल्मा किंवा रॉकीवरच आणा.

ताजं म्हणजे सुरक्षित असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कोणीतरी मागचं दार बसवल्याचं उघड झालं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिन जवळपास अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं, आणि त्याने मुळापर्यंत जाऊन २९ मार्चला ते जगासमोर ठेवलं. ते पॅकेज डेबियनच्या अस्थिर शाखेत, फेडोराच्या येणाऱ्या आवृत्तीत, सुसे घराण्यातल्या टम्बलवीडमध्ये पोचलं होतं. रेड हॅट ९, उबंटू एलटीएस, डेबियन स्टेबल यांत नव्हतं. मंडळातल्या कोणी ‘सगळ्यात नवं का नको’ असं विचारलं तर हे सांगा.

डेटाबेसचा सर्व्हर सोडून बाकीच्यांना चालत्या जागी पॅच मारत बसण्याऐवजी नव्या इमेजवरून नवा सर्व्हर उठवून जुना काढणं मला पसंत आहे. डेटाबेसचं तसं होत नाही. तिथे डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवा, ऑपरेटिंग सिस्टीमला जागेवरच पॅच द्या, आणि कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, पॅच आला की रीबूटची वेळ शेती खात्याशी बोलून ठरवा. कर्नल बदलला पण रीबूट केला नाही, तर जुनाच कर्नल चालू असतो.

कामाचा क्रम असा ठेवा. सेंटओएस ७ च्या अकरांपैकी इंटरनेटकडे तोंड असलेले आधी, आजच्या आजपासून, हंगामाची वाट न बघता. त्यांच्यापुढे तोवर फायरवॉलचे नियम घट्ट करा. मग मार्केटप्लेसचे चार, मग ॲमेझॉनचे पाच. उबंटू २०.०४ ला हवं तर तात्पुरतं प्रो लावून श्वास घ्या. बिलाचा डेटाबेस सर्वांत शेवटी, गाळप संपल्यावर, संपूर्ण डंप-रिस्टोरने, आणि मोळी टाकायच्या किमान एक महिना आधी. जुन्या सर्व्हरांच्या शेवटच्या स्नॅपशॉट मात्र नव्या हंगामातल्या पहिल्या पंधरवड्याचं बिल सभासदांच्या खात्यावर जमा होईपर्यंत काढू नका.